टक्का नंतर, कारण आधी

फौजेच्या अपंगत्व पेन्शनसाठी वीस टक्के पुरतात. दिव्यांग प्रमाणपत्राचे महत्त्वाचे लाभ मिळवायला चाळीस लागतात. पाय गेला, बोटे तुटली, एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर हे आकडे कसेही काढले तरी समोर काहीतरी दिसते आणि मोजता येते. रक्ताचा जुनाट आजार मात्र वैद्यकीय मंडळासमोर उभा राहिला की धडधाकट दिसतो. महिनाभरापूर्वी हिमोग्लोबिन सहावर आलेले असते, सांधे इतके ठणकलेले असतात की माणूस रात्रभर गुरासारखा ओरडलेला असतो. मग दोन पिशव्या रक्त चढते, आठवडा जातो आणि डॉक्टरांच्या टेबलापुढे जो येतो तो दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, ताठ कण्याचा माजी सैनिक. त्याचे किती टक्के धरायचे?

हा माजी सैनिक आसेगावचा धरा. आसेगाव हे वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम वेगळा झाला आणि जिल्ह्याची कचेरी जवळ आली, पण फौजेच्या कागदांचा रस्ता तसाच लांब राहिला. नागरी प्रमाणपत्रासाठी वाशिमचे जिल्हा रुग्णालय. रक्ताच्या बारीक तपासण्यांसाठी अकोल्याचे वैद्यकीय महाविद्यालय किंवा थेट नागपूर. लष्करी रुग्णालय म्हटले की कामठी. पेन्शन मंजूर होते प्रयागराजहून. दावा फेटाळला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आले, २००९ पासून ते चालू झाले आणि महाराष्ट्र, गुजरात, गोवा मुंबईच्या वाट्याला आले. म्हणजे एका आजाराचे टक्के ठरवायला माणूस आधी पूर्वेला जातो, मग कागद उत्तरेला जातात आणि शेवटी सगळेच पश्चिमेला. ज्याला सहा तास एसटीत बसून पाय सुजतात, त्याच्यासाठी हीसुद्धा एक वेगळी तपासणीच आहे.

हा प्रश्न विदर्भात इतर ठिकाणांपेक्षा जास्त खरा आहे, कारण सिकल सेल हा वंशपरंपरेने येणारा रक्ताचा आजार. भारतात हा आजार प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिले. तेव्हापासून हे स्पष्ट आहे की विदर्भात हा जीन केवळ जंगलातल्या पाड्यांवर नाही; आदिवासींबरोबर अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही तो आहे. नेमक्या याच घरांतली मुले पहाटे रस्त्यावर धावतात आणि भरतीच्या मैदानावर रांग लावतात. 'सिकल सेल सोसायटी ऑफ इंडिया'चे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रपूरचे संशोधन केंद्र राष्ट्राला अर्पण झाले, १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. या सगळ्या धावपळीत माजी सैनिक हा स्वतंत्र विषय म्हणून कुठे दिसत नाही. तो एका रांगेत 'रुग्ण' असतो, दुसऱ्या रांगेत 'पेन्शनर', आणि दोन्ही रांगांतले कारकून एकमेकांना ओळखत नाहीत.

लोक विचारतात, किती टक्के मिळाले. खरे विचारायला हवे ते हे की कारण काय लिहिले. फौजेच्या नियमांत टक्का दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न असा, की हा आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे बळावला का. दोन्हींचे उत्तर नाही आले, तर ऐंशी टक्के अपंगत्व असले तरी अपंगत्वाचा भाग शून्य. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर हे 'ना झाला, ना बळावला' असे उत्तर इंग्रजी आद्याक्षरांत लिहितात, आणि ती अक्षरे जुळून 'नाना' असा शब्द होतो. माजी सैनिकांच्या बैठकीत 'मला नाना लावला' असे कोणी म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही.

फौजेच्या १९८२ च्या पात्रता नियमांनी जवानाला एक मोठे कवच दिले होते. भरतीच्या वेळी शरीर-मन निरोगी होते असे गृहीत धरायचे, अपवाद फक्त तेव्हाच कागदावर नोंदलेल्या दोषाचा. पुढे आजारामुळे घरी पाठवले, तर तो आजार सेवेतच झाला असे मानायचे. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि संशयाचा फायदा त्याला. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हेच नियम सरकारला वाचून दाखवले. सिग्नल कोअरमधला जवान, फिटचा आजार, वीस टक्के अपंगत्व, मंडळाने 'शरीरप्रकृतीचा विकार' एवढे लिहून विषय संपवलेला. न्यायालयाने विचारले, कारणे कुठे आहेत? २०१४ चा सुखविंदर सिंग आणि २०१५ चा राजबीर सिंग हे निकाल याच वाटेने गेले. त्यातल्या सुखविंदर सिंग निकालाने आणखी एक दार उघडले: आजारामुळे फौजेतून काढावे लागले असेल, तर अपंगत्व वीस टक्क्यांहून अधिकच धरले पाहिजे. कारण मंडळे १५ ते १९ टक्के असा आकडा लिहीत. माणूस नोकरीला नालायक, पण पेन्शनला एक टक्का कमी! हा आकडा वैद्यकशास्त्रातून आला असे मानायला मन धजत नाही.

मात्र सगळे निकाल एका सुराचे आहेत असे समजून वकिलाकडे जाऊ नये. ऑक्टोबर २०१९ च्या नरसिंग यादव निकालात न्यायालय म्हणाले की भरतीच्या वेळी आजार दिसला नाही एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे आपोआप ठरत नाही. काही आजार त्या तपासणीत दिसूच शकत नाहीत आणि तिथे मंडळाच्या मताला वजन आहे. तो खटला मानसिक आजाराचा होता, पण वंशपरंपरेने येणाऱ्या रक्ताच्या आजाराला हाच युक्तिवाद जास्त चपखल बसतो. १९८२ च्या नियमातच ती फट होती: भरतीपूर्वी शोधता येण्याजोगा नव्हता असे मत मंडळाने कारणांसह दिले, तर गृहीतक लागू होत नाही. २००८ च्या नियमांनी कवच आणखी पातळ केले. सेवेत आजार दिसला एवढ्याने कारण सिद्ध होत नाही असे त्यात सरळ लिहिले. सप्टेंबर २०२३ पासून तिसरी नियमावली लागू आहे. तरीही मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या एका प्रकरणात सांगितले की २००८ चे नियम असोत वा त्याआधीचे, मंडळाला कारणे द्यावीच लागतील. 'शांत ठिकाणी नेमणूक असताना झाला' हे कारण नव्हे. मला हा निकाल नियमांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या हेतूला धरून वाटतो.

आता रक्ताकडे. सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे जन्मापासूनचे. त्यांचे मूळ जीनमध्ये, म्हणून 'सेवेमुळे झाला' असे कोणीच म्हणणार नाही. तीव्र स्वरूपाचा रुग्ण भरतीच्या तपासणीतून सहसा पार होत नाही. पार होतो तो सिकल सेलचा वाहक. आईवडिलांपैकी एकाकडून जीन आलेला, गावाकडच्या भाषेत 'एएस' निघालेला. याचे हिमोग्लोबिन बहुधा चांगले असते, तो सोळाशे मीटर इतरांसारखाच धावतो, आणि साध्या रक्ततपासणीत त्याचे काही दिसत नाही. त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि मग एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. आसेगावात तो आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो. त्याला बारा-तेरा हजार फुटांवर नेले, हवेतला प्राणवायू विरळ झाला, पाणी कमी पडले आणि पाठीवर ओझे आले, की लाल पेशी विळ्यासारख्या वळू लागतात आणि प्लीहेकडे जाणारा रक्तपुरवठा अडू शकतो. उंचीवर वाहकांच्या प्लीहेचा भाग मरणे ही वैद्यकीय साहित्यात नीट नोंदलेली गोष्ट आहे. तीव्र उष्म्यात अति श्रम झाले तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येणे हीही.

म्हणून अशा जवानाच्या बाबतीत भांडण 'झाला' या शब्दावर करण्यात अर्थ नाही. ते 'बळावला' या शब्दावर करायचे असते. जीन घरचा, पण प्लीहा गेली ती लडाखात. मंडळाने 'आनुवंशिक, म्हणून नाना' असे लिहिले, तर त्याने अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. माझ्या मते रक्ताच्या आजारांत सर्वाधिक अन्याय याच अर्ध्या उत्तराने होतो, आणि अपिलातही बरेच लोक चुकीच्या अर्ध्यावर भांडतात.

दुसरा गट नंतर झालेल्या आजारांचा. अस्थिमज्जा रक्त बनवणे थांबवते तो अप्लास्टिक अॅनिमिया, प्लेटलेट्स स्वतःच्याच शरीराकडून मारल्या जातात तो आयटीपी, आणि रक्ताचे कर्करोग. इथे कारण शोधणे अवघड, कारण बहुतेक रुग्णांत ते डॉक्टरांनाही सापडत नाही. बेंझीनसारखी रसायने किंवा किरणोत्सर्ग यांच्याशी दीर्घ संपर्क मज्जेला घातक, एवढे निश्चित. त्यामुळे वर्कशॉप, इंधन डेपो, क्ष-किरण विभाग इथली नेमणूक ही सेवापुस्तकातली साधी ओळ अचानक मोलाची होते. निवृत्तीनंतर उशिरा उघड होणाऱ्या आजारासाठीही नियमांत जागा आहे. ठरावीक वर्षांच्या आत तो दिसला आणि त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीने झाली असे सक्षम डॉक्टरांनी म्हटले तर दावा ऐकला जातो. तिसरा गट उंचीवर दीर्घकाळ राहिल्याने रक्त घट्ट होणाऱ्यांचा. शरीर विरळ हवेला तोंड द्यायला लाल पेशी वाढवते आणि मग पायात, फुप्फुसात, कधी मेंदूत गुठळी होते. इथे कारण डोळ्यासमोर असते आणि दावा त्या मानाने सोपा.

कारणाचा डोंगर ओलांडला की टक्के. सेवेत असताना जवानाची प्रकृती पाच अक्षरांच्या 'शेप' पद्धतीने मोजतात. रक्ताचा आजार त्यातल्या 'पी'खाली, म्हणजे शारीरिक क्षमतेखाली येतो आणि जवान लो मेडिकल कॅटेगरीत जातो. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड, आजारामुळे काढायचे असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड. मंडळ एएफएमएसएफ-१६ या नमुन्यावर आजार, नेमणुकांचा इतिहास, कारण आणि टक्के लिहिते. मूळ आकडा वीस असो की चाळीस, त्यानंतर 'ब्रॉड बँडिंग' येते: पन्नासच्या खालचे सगळे पन्नास, पन्नास ते पंचाहत्तरचे पंचाहत्तर, त्यावरचे शंभर. १ जानेवारी १९९६ पासूनची ही सोय सुरुवातीला फक्त आजारामुळे काढलेल्यांना मिळे. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली.

पैशांत याचा अर्थ पाहू. शंभर टक्क्यांना अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के. वेतन ५०,००० धरले तर शंभर टक्क्यांना १५,०००, आणि वीस टक्क्यांना सरळ हिशेबाने ३,०००. ब्रॉड बँडिंगने वीसचे पन्नास झाले की ७,५००. शिवाय सेवेचा भाग निराळा. खरा कडा म्हणून १९ आणि २० यांच्या मध्ये आहे. २० आणि ४० यांच्या मध्ये काहीच नाही. सुशिक्षित माणसेसुद्धा वीसचे चाळीस करून घ्यायला अपील करतात, तेव्हा त्यांना कोणीतरी हे सांगायला हवे.

या व्यवस्थेभोवती संशयाचे वातावरणही आहे, ते लपवून चालणार नाही. महालेखापरीक्षकांच्या पाहणीत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांच्या सुमारे दुप्पट आढळले, आणि कारणांत रक्तदाब, मधुमेह हे जीवनशैलीचे आजार ठळक. २०२३ ची नियमावली कडक झाली ती या पार्श्वभूमीवर. पण मोठ्या हुद्द्याच्या रक्तदाबावरचा राग शिपायाच्या प्लीहेवर निघावा, हे बरे नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न कसा सोडवतात? तिथे प्रत्येक आजाराला क्रमांक आहे. सिकल सेलचा ७७१४. वर्षात चार किंवा अधिक वेदनेचे झटके, शिवाय हलके कामही जमत नाही अशी अवस्था, तर शंभर टक्के. तीन झटक्यांना साठ, एक-दोन झटक्यांना तीस. लक्षणे नसून अवयवाला इजा दिसत असेल तर दहा. नुसत्या वाहकाला, त्यातून काही बिघाड झाल्याचे सिद्ध न झाल्यास, काहीच नाही. या मोजणीत मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती तपासणीच्या दिवसाकडे पाहत नाही, सरलेल्या बारा महिन्यांकडे पाहते. व्हिएतनाममधल्या 'एजंट ऑरेंज' या तणनाशकाशी संपर्क आलेल्यांचे अनेक रक्ताचे कर्करोग सेवेमुळेच झाले असे कायद्याने गृहीत धरले आहे. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने त्या यादीत कर्करोगापूर्वीची एक रक्तस्थितीही आली. प्रत्येक सैनिकाने स्वतंत्रपणे विज्ञान सिद्ध करत बसायचे नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे उंचीवरच्या वाहकांसाठी तरी अशी एक ओळ नियमांत यायला हरकत नसावी.

आता चाळीस टक्क्यांचा दुसरा रस्ता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या यादीतल्या एकवीस प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे तीन रक्तविकार आले. इथे कारण विचारत नाहीत. आजार आणि त्याने केलेली हानी पाहतात: रक्त किती वेळा चढवावे लागते, झटके किती, कोणत्या अवयवाला धक्का लागला. खुब्याचा सांधा झिजला असेल तर तो चालण्यातला दोषही जोडता येतो, पण सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा काही हिस्साच मिळवतात. चाळीस आणि तीस यांचे सत्तर न होता सुमारे सत्तावन्न होतात. वाहकाला हे प्रमाणपत्र नाही. सिकल सेलचे तात्पुरते प्रमाणपत्र पूर्वी वर्षभरच चाले, आता ते तीन वर्षांपर्यंत देता येते. बरा न होणाऱ्या आजाराचे दरवर्षी नूतनीकरण करायला लावणारी बुद्धी कोणाची होती कोण जाणे. २०२४ च्या दुरुस्तीपासून यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखकार्डाचा रंगही टक्क्यांनुसार: चाळीसच्या खाली पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, पुढे निळे.

आणि इथे एक फसवी जागा आहे. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागा रक्तविकार असलेल्यालाही मिळतात. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात मात्र दृष्टी, श्रवण, हालचाल, मानसिक-बौद्धिक आणि बहुविकलांगता एवढेच गट आहेत; रक्तविकार नाहीत. चाळीस टक्क्यांचे कार्ड दाखवून मुलगा महाविद्यालयात शिरतो आणि त्याच कार्डावर नोकरीच्या दारातून परत येतो. कायद्याने आधी आजार मान्य केला आणि मग त्याच्या पोटाचा प्रश्न बाहेर ठेवला, हे मला त्या कायद्याचे सर्वांत कमकुवत पान वाटते.

महाराष्ट्रात एसटीच्या साध्या बसमध्ये सिकल सेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे. अकोला-नागपूरच्या फेऱ्या करणाऱ्याला हा लाभ पेन्शनच्या हप्त्याएवढाच खरा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झाले, पण तिथे उत्पन्नाची अट असल्याने पेन्शन घेणारा माजी सैनिक सहसा त्याबाहेर राहतो.

गावात वर्दीतला प्रत्येक जण 'फौजी' असतो, नियमांत तसे नाही. सीआरपीएफचा जवान या लष्करी नियमांत येत नाही; त्याला नागरी सेवांचे असाधारण पेन्शन नियम लागू, आणि ते २०२३ मध्ये नव्याने आले. अग्निवीराला पेन्शनच नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाखांची एकरकमी मदत, शिवाय उरलेल्या मुदतीचे वेतन. चार वर्षांत लडाखला जाऊन आलेल्या वाहकाला पुढे काही झाले, तर 'बळावला' हा शब्द त्याच्यासाठी किती उपयोगी पडेल, हे अजून न्यायालयांपुढे पुरते आलेले नाही.

ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी टक्क्यांच्या आधी कागद पाहावेत. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत नसेल तर अभिलेख कार्यालयाकडे मागावी, माहिती अधिकारातही ती मागता येते. त्यात 'बळावला का' या रकान्यात काय लिहिले आहे आणि कारण दिले आहे का, ते वाचावे. उंचीवरच्या नेमणुकांच्या तारखा आणि लष्करी रुग्णालयातून सुटी मिळाल्याचे कागद एका फाईलमध्ये लावावेत. घरी आल्यावर प्रत्येक झटक्याची, प्रत्येक रक्तपिशवीची तारीख सरकारी दवाखान्याच्या कागदावर चढवून घ्यावी, कारण मंडळ माणसाला एकच दिवस पाहते. पहिले आणि दुसरे अपील खात्यातच होते. त्यासाठी आणि न्यायाधिकरणासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देतात. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो. पण २००८ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी केलेल्या दाव्यात सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सहसा दाव्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते.